लेख तुमचा, शीर्षक उसनं

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी वजनाच्या दिवसावर एक लेख लिहिला आणि 'चिमुकल्यांच्या विश्वात' असं शीर्षक देऊन एका दिवाळी अंकाला पाठवला. लेख छापून आला, पण वर शीर्षक होतं 'संघर्षाची सावली'. माझ्या लेखात संघर्ष नाही आणि सावलीही नाही. न विचारता असं बदलता येतं का? आता तो लेख ऑनलाइन टाकायचा विचार आहे. भाची म्हणते, 'वाचून डोळ्यांत पाणी येईल' असं काहीतरी दे, नाहीतर कुणी उघडणार नाही. मला ते पटत नाही. लिहिताना मला अडत नाही, शीर्षकाशी आलं की हात थांबतो. ते आधी ठरवावं की नंतर? लहान असावं की मोठं? सोबत तो लेख आणि अर्धवट झालेला आणखी एक लेख पाठवत आहे. त्यालाही शीर्षक सुचवाल का?
– एक सेविका

उत्तर :

ताई, नमस्कार.

लेख छान उतरलाय. झोळीत बसायला तयार नसलेलं पोर, काट्याच्या सुईकडे टक लावून उभ्या राहिलेल्या आया, 'मागच्या महिन्यातबी एवढंच होतं की' म्हणत रजिस्टरात डोकावणारी शेजारीण. लिहिणारी बाई दर महिन्याला त्या काट्यापुढे पेन घेऊन उभी असते, हे कुणालाही कळावं असं लिहिलंय. आणि मग वर बघावं तर 'चिमुकल्यांच्या विश्वात'.

आधी थोडं कडू बोलते. संपादकांनी दिलेलं शीर्षक वाईट आहे, त्याबाबतीत मी तुमच्या बाजूची. पण तुमचं आणि त्यांचं, दोन्ही एकाच माळेचे मणी. 'चिमुकल्यांच्या विश्वात' हे बालवाडीच्या स्नेहसंमेलनाच्या बातमीला चालेल, बालरोगतज्ज्ञांच्या सदराला चालेल, खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीला तर फारच चालेल. शंभर लेखांना बसणारं शीर्षक तुमच्या लेखाला काही देत नाही. उलट, ते बघून संपादकांना वाटलं असणार की इथे काहीही बसवलं तरी बिघडत नाही.

मराठीत अशा शीर्षकांचा साठाच तयार आहे. आठवणींची शिदोरी, सोनेरी क्षण, मनाच्या कोपऱ्यातून, प्रवास एका जिद्दीचा, हिंदोळे, कवडसे, ओंजळ. निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मकथन असो की अमेरिकेत नातवाला सांभाळून आलेल्या आजोबांचं प्रवासवर्णन, यातलं एक उचललं की भागलं. दुसरी तऱ्हा 'एक'वाल्यांची : 'अंगणवाडी : एक आव्हान', 'कुपोषण : एक चिंतन'. यात पहिला शब्द निदान विषय तरी सांगतो, 'एक'च्या पुढचा काहीच सांगत नाही. प्रबंधाला हे शोभतं, कारण ग्रंथालयाच्या यादीत शोधणाऱ्याला विषय, प्रदेश, कालखंड दिसायला हवा. तुमच्या मासिक अहवालाचंही तसंच. अंगणवाडीचं नाव, बीट, महिना, वर्ष. तिथे काव्य केलंत तर मुख्यसेविका कागद परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

तुमचा हात नेमका कुठे थांबतो ते मला कळतंय. लेख लिहून झाला की आपण स्वतःला विचारतो, 'हे सगळं कशाबद्दल होतं?' उत्तर येतं ते भलंमोठं असतं : बालपण, मातृत्व, संघर्ष. त्याला एखादा गोड शब्द जोडला की शीर्षक तयार. इथे प्रश्नच बदलायला हवा. माझ्या लेखात असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाच्या लेखात सापडणार नाही? हा प्रश्न विचारून, पेन्सिल घेऊन मी तुमचा लेख वाचला. चार ठिकाणी खूण झाली.

पहिली 'लाल पट्ट्याच्या जरा वर' या शब्दांवर. वाढीच्या आलेखावरचे हिरवा, पिवळा, लाल हे पट्टे तुम्हाला झोपेतही दिसत असतील. बाहेरच्या वाचकाला मात्र हा नक्षलवादावरचा लेख वाटेल.

दुसरी 'झोळी'वर. एकच शब्द, तोंडात सहज बसणारा, आणि सगळा प्रसंग काट्याला अडकवलेल्या त्या झोळीतच घडतो. क्षणभर वाटलं, हेच. पण झोळी म्हटलं की आधी भिक्षा आठवते, आणि तुमच्या लेखातल्या आया कुणापुढे हात पसरत नाहीत. लेखाच्या आत, चित्र उभं राहिल्यावर, तो शब्द निरुपद्रवी आहे. शीर्षकात तो एकटा असतो आणि सगळे जुने अर्थ सोबत घेऊन येतो. म्हणून बाद.

तिसरी खूण तुमच्या मदतनीस बाईंच्या वाक्यावर : 'रडलं तरी वजन तेवढंच.' मला हे फार आवडलं. पण लेखापासून सुटं करून वर लिहिलं की ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं दिसायला लागतं, आणि त्यातली मदतनीस बाईंची कावलेली गंमत जाते.

आता चौथी. तिसऱ्या पानावर एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन येतात. तुम्ही म्हणता, चपला काढा. आजी म्हणतात, 'राहू द्या की बाई, तेवढंच वजन भरंल.' पोराच्या त्या प्लास्टिकच्या चपला, दोन्ही मिळून शंभर-दीडशे ग्रॅमच्या. तुम्ही त्या काढायला लावता. आजी चपला पदरात घेऊन बाजूला उभ्या राहतात आणि तुम्ही लिहिता, 'सुई थांबेपर्यंत आजी चपला हातात तोलत होत्या.' ताई, तुमचा लेख हा आहे. बाकीची पानं या वाक्याच्या आजूबाजूला बसली आहेत. शीर्षक इथून घ्या : 'चपलांसकट वजन'.

आजींचं अख्खं वाक्यच वर घ्यावं असा मोह मलाही झाला. बोलण्यातलं वाक्य शीर्षकात घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. 'पण'ने सुरू होणारं शीर्षक! शाळेच्या निबंधात असं वाक्य सुरू केलं तर लाल शाईची रेघ ठरलेली. त्या 'पण'मुळे वाटतं की कुणीतरी बराच वेळ बोलतंय, आपण उशिरा येऊन बसलो आणि तिचं शेवटचं वाक्य तेवढं कानावर पडलं. बालविधवा यमूच्या कहाणीचा सगळा सूर त्या चार शब्दांत आहे. तुमच्या आजींचा सूरही तितकाच अस्सल आहे. अडचण वेगळीच आहे. लेखात ते वाक्य अचानक येतं, वाचक हसतो आणि हसता हसता थांबतो. शीर्षकातच ते खर्च करून टाकलं तर तिसऱ्या पानावर तो नुसती मान डोलावेल. 'चपलांसकट वजन' हे मात्र आधी कोड्यात टाकतं आणि आजी आल्यावर उलगडतं.

इतक्या नाजूक विषयावरच्या लेखाला चपलांचं नाव, असं तुम्हाला वाटेल. साने गुरुजींकडे बघा. 'श्यामची आई' 1935 साली पुस्तक म्हणून आली आणि तेव्हापासून मराठी घरांना रडवते आहे. तिची अनुक्रमणिका उघडा. 'पत्रावळ', 'मोरी गाय', 'श्यामचे पोहणे'. एक 'थोर अश्रू'ही आहे, नाही म्हणत नाही. तरी किती रात्रींना (या पुस्तकातली प्रकरणं म्हणजे 'रात्री') नाव म्हणून नुसती घरातली, गोठ्यातली एखादी गोष्ट दिली आहे, आणि रडवण्याचं काम आतल्या मजकुरावर सोपवलं आहे. महात्मा फुल्यांना शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहायचं होतं. आज कुणी लिहिलं तर 'व्यथा बळीराजाची' हे शीर्षक हात जोडून उभंच असतं. फुल्यांनी 1883 साली पुरं केलेल्या ग्रंथाला नाव दिलं 'शेतकऱ्याचा असूड'. शेतकऱ्याच्या हातातली रोजची वस्तू, आणि ती कुणावर उगारली आहे हे बघायला पान उलटावंच लागतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. त्या आजी लेख वाचणार नाहीत कदाचित, पण त्यांची सून वाचेल, आणि गाव लहान आहे. लेखाच्या आतल्या एका ओळीत आलेला माणूस शीर्षकात आला की सगळ्यांच्या नजरेत येतो. 'चपलांसकट वजन'मध्ये आजींची थट्टा होतेय असं मला वाटत नाही, कारण लेखात तुम्ही त्यांच्यावर हसलेला नाहीत. तरी ऑनलाइन टाकण्याआधी सुनेला एकदा वाचून दाखवा. तिच्या कपाळाला आठी पडली तर दुसरं शीर्षक शोधू. गावाचं नाव आणि पोराचं नाव काढाच, त्याला चर्चा नको.

आणि आणखी एक गोष्ट. हे शीर्षक वर ठेवून लेख पुन्हा वाचा. शेवटचा परिच्छेद, 'आईच्या मायेला कुठल्याही काट्यावर तोलता येत नाही' हा, आता खटकतो ना? 'चिमुकल्यांच्या विश्वात'खाली तो खपून जात होता. चपला तोलणाऱ्या आजी दाखवून झाल्यावर तेच पुन्हा समजावून सांगायची गरज उरत नाही. काढून टाका. नेमकं शीर्षक मिळालं की लेखात काय जास्तीचं आहे ते असं आपोआप उघडं पडतं. म्हणून आधी की नंतर या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : दोन्ही वेळा. लिहायला बसताना वरच्या कोपऱ्यात एक कच्चं शीर्षक टाका, कितीही वेंधळं चालेल, 'वजनाचा दिवस, आजीचं प्रकरण' असलं काहीही. भरकटायला लागलात की ते वरून दिसत राहतं. पक्कं शीर्षक लेख पुरा होऊन थोडा थंड झाल्यावर.

लहान-मोठ्याचं फार मनावर घेऊ नका. 1857 साली बाबा पदमनजींनी आपल्या कादंबरीला 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं नाव दिलं. मराठीत कादंबरी हा प्रकारच तेव्हा नवा होता, हातात काय पडतंय ते वाचकाला सांगणं भाग असणार. उलट गडकऱ्यांच्या नाटकांची नावं बोटावर मोजून बघा : प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला, भावबंधन, राजसंन्यास. प्रत्येकात पाच अक्षरं! एका शब्दाचंही शीर्षक भारी पडतं, शब्द नेमका असला तर. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) एका शब्दात अख्खी गावगाड्याची व्यवस्था आली. 'ओंजळ'ही एकच शब्द आहे, पण तीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

माझी कसोटी साधी आहे. दोन बायका एस.टी.त बसून तुमच्या लेखाबद्दल बोलताहेत. एक दुसरीला विचारते, 'तो अमका लेख वाचलास का?' ते 'अमका' म्हणजे काय? लोक स्वतःला सोयीचं नाव देतातच. भावार्थदीपिका म्हणून ग्रंथ मागणारा क्वचितच भेटेल, सगळे ज्ञानेश्वरीच म्हणतात. तुमच्या लेखाला गावात आत्ताच 'तो चपलांचा लेख' म्हणत असतील. विचारून बघा. तसं असेल तर वाचकांनी तुमचं काम आधीच करून ठेवलंय.

आता भाचीचं म्हणणं. ती अर्धी बरोबर आहे. मोबाइलवर अंगठा सरकवत जाणाऱ्या माणसाला थांबवायचं काम शीर्षकालाच करावं लागतं. पण 'वाचून डोळ्यांत पाणी येईल' हे वाचकाने काय करायचं ते सांगतं, लेखात काय आहे त्याचा पत्ता देत नाही. आणि नाही आलं पाणी तर? पुढच्या वेळी तो तुमचं नाव बघून पुढे जाईल. 'असं काही घडलं की...', 'शेवट वाचून थक्क व्हाल', 'प्रत्येक आईने वाचावं असं काही' ही सगळी त्याच घरातली. जोरदार शीर्षक कसं असतं ते बघायला मागे जाऊ या. जून 1897 मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारने शहर धारेवर धरलं, आणि 6 जुलैच्या 'केसरी'त टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पुढच्याच आठवड्यात 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. दोन्ही मथळे हात धरून आत ओढतात, पण काहीही लपवून ठेवत नाहीत. म्हणणं काय आहे ते तिथेच, उघडं. पहिल्यातला प्रश्न तर उत्तर मिळावं म्हणून विचारलेलाच नाही. (यावरून प्रत्येक लेखाला प्रश्नचिन्ह लावू नका. 'अंगणवाडी कुणाची?' असं विचारलंत तर लेखात उत्तर द्यावं लागेल.)

भाचीशी तडजोड अशी करा. वर 'चपलांसकट वजन', आणि खाली बारीक अक्षरात उपशीर्षक, 'अंगणवाडीतल्या वजनाच्या दिवसाची गोष्ट'. कोडं वरच्या ओळीत राहतं आणि खालची ओळ सरळ माहिती देते. 'अंगणवाडी' हा शब्द खालच्या ओळीत हवाच, कारण ऑनलाइन शोधणारा माणूस तोच टाइप करणार आहे, 'चपला' नाही. लेख व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की लांब शीर्षक मध्येच तुटतं, म्हणून महत्त्वाचा शब्द शेवटी ठेवू नका. तुम्ही उद्या निव्वळ माहितीचं काही लिहिलंत, समजा मदतनीस भरतीला कोणती कागदपत्रं लागतात, तर तिथे कोडं मुळीच नको. 'अंगणवाडी मदतनीस भरती : लागणारी कागदपत्रं', संपलं. आणि कृपा करून शीर्षकापुढे टिंबं नकोत. 'आजी...' असं लिहून लोक थांबतात, जणू पुढचं वाचकाने हुंदका देऊन भरायचं आहे.

राहिला संपादकांचा प्रश्न. वर्तमानपत्रात मथळा देणं हे डेस्कवरच्या उपसंपादकाचंच काम असतं. जागा किती, बाजूला कोणती बातमी आहे, हे त्यालाच दिसतं. तिथे रुसून उपयोग नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाकडेही कधी कधी खरी कारणं असतात. त्याच अंकात आणखी कुणाचं 'चिमुकली पावलं' आलेलं असतं, नाहीतर शीर्षक पानाच्या मांडणीत मावत नसतं. तरी दिवाळी अंकाच्या कामाला महिने असतात, आणि एक फोन करायला वेळ नसतो हे मला पटत नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी लेखासोबतच्या पत्रात एक ओळ घाला : 'शीर्षक बदलायचं झाल्यास कृपया कळवावं', आणि खाली तुमच्या पसंतीची आणखी दोन शीर्षकं लिहून द्या. बदल करायचाच असेल तर संपादक बहुधा त्यातलंच उचलतात, कारण त्यांनाही नवं शोधायचा कंटाळा असतो.

ऑनलाइन टाकताना तुमचं शीर्षक बिनधास्त वापरा. फक्त अंकाकडून पुनर्प्रकाशनाला हरकत नसल्याचं विचारून घ्या आणि खाली लिहा की हा लेख आधी अमुक अंकात 'संघर्षाची सावली' या नावाने आला होता. नाहीतर अंक वाचलेला एखादा म्हणेल, ताईंनी जुनाच माल नव्या नावाने खपवला.

दुसऱ्या लेखाला शीर्षक सुचवत नाही, कारण ते दोन लेख आहेत. सुरुवातीला पावसात गळणाऱ्या खोलीत खिचडी कुठे शिजवायची यावरून तुमचं आणि मदतनीस बाईंचं भांडण आहे, आणि दीड पानावर अचानक मोबाइल ॲपमध्ये फोटो चढत नाहीत याची तक्रार सुरू होते. ॲपची तक्रार खरी असेल, ती वेगळी लिहा, वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत ती शोभेल. मला खिचडीचं भांडण शेवटपर्यंत वाचायचंय. मदतनीस बाईंनी पातेलं उचलून शेजारच्या घरात नेलं, तिथेच तुम्ही थांबलात. शेजारणीने चूल दिली की नाही?